चतकोर

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांच्या दवाखान्यात बसायला जागा मिळत नाही. गेल्या वर्षी मी मुद्दाम त्याच दिवशी गेले. सिंहगड रस्त्यावरचा दोन गाळ्यांचा दवाखाना, सकाळचे साडेदहा. बाकावर माणसं दाटीवाटीनं बसलेली, त्यांच्या पायांशी सहा कुत्री आणि वर टॉवेल बांधलेल्या वेताच्या टोपलीत सतत गुरगुरणारी एक मांजर. आतल्या टेबलावर ब्रूनो नावाचा तांबूस रंगाचा कॉकर स्पॅनियल होता. पुढचे पाय पसरून छाती टेबलाला टेकवलेली, मागचा भाग मात्र वर. मालकांनी मोबाइल काढून डॉक्टरांना व्हिडिओ दाखवला. आदल्या संध्याकाळी ओवाळणं चालू असताना पाटासमोर तो अस्साच वाकला होता. ताईच्या पाया पडतोय म्हणून त्यांनी तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. सत्तावीस जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली होती.

"पाया नाही पडत हो तो," डॉक्टर म्हणाल्या. "पोट दुखतंय त्याचं. काय दिलं होतं?"

"काही नाही. रोजचंच."

"रोजचं म्हणजे?"

"त्याचं कोरडं खाणं. दहीभात."

"आणि?"

"आणि… चकलीचा तुकडा. थोडासाच."

बरोबर आलेला मुलगा आठ-नऊ वर्षांचा असेल. तो म्हणाला, "बाबा, करंजीपण दिली होती. आणि आजीनं शंकरपाळे दिले. आणि आत्या आली तेव्हा आत्यानं…"

वडिलांनी त्याच्याकडं पाहिलं. पण तोवर निदानाचा अर्धा रस्ता कापून झाला होता. तळणीच्या, तुपाच्या जड खाण्यानं कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. अन्न पचवण्यासाठी तयार झालेले पाचकरस मग आतल्या आत स्वादुपिंडालाच पोखरू लागतात. उलट्या होतात, खाणं सुटतं आणि पोटावरचा ताण कमी व्हावा म्हणून कुत्रं असं वाकतं. आपल्याला तो नमस्कार दिसतो. रक्त तपासून ब्रूनोला सलाईन लावलं, दोन दिवस ठेवून घेतलं. तो वाचला. बिल सांगत नाही.

डॉक्टर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या. ते १८८६ सालचं, देशातल्या जुन्या महाविद्यालयांपैकी. तिथं विषशास्त्राचा अख्खा विषय शिकवतात, पण 'थोडंसंच' हा शब्द कुठल्याच पुस्तकात नव्हता, असं त्या म्हणतात. "माझ्या धंद्यातला सगळ्यात महाग शब्द. घरात सहा माणसं असतात, प्रत्येक जण थोडंसंच देतो. बेरीज कोणी करत नाही. बेरीज कुत्रं करतं."

मी वही-पेन घेऊन बसले होते खरी, पण त्या बाकाची माझी ओळख जुनी होती. त्याच्या आदल्या दिवाळीत मी तिथं रात्री साडेनऊला चिंगीला मांडीवर घेऊन बसले होते. चिंगी म्हणजे आमची स्पिट्झ, तेव्हा वजन नऊ किलो चारशे ग्रॅम. सासूबाईंच्या हातचा पाकातला रवालाडू, आत-बाहेर बेदाणे. लाडू खाली पडला आणि तिनं उचलला, असं मला आधी सांगण्यात आलं. मग हळूहळू कळलं की लाडू पडला नव्हता, दिला होता. आणि एक नव्हे, तीन. तिघांनी, वेगवेगळ्या वेळी, एकमेकांच्या नकळत. मी फोन केला तेव्हा डॉक्टरांनी तीनच प्रश्न विचारले: किती वाजता खाल्लं, तिचं वजन किती, लाडवात काय काय होतं. आणि बजावलं, "मिठाचं पाणी पाजू नका, घशात बोटं घालू नका. उचला आणि आणा."

उलटीचं इंजेक्शन दिल्यावर दहा मिनिटांत ट्रेमध्ये जे आलं, त्यातून डॉक्टरांनी चिमट्यानं एकेक बेदाणा बाजूला काढला. फुगून टपोरे झाले होते. अकरा निघाले. नऊ किलोच्या कुत्रीला अकरा बेदाणे बाधतात की नाही, हे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही, म्हणूनच वाट बघायची नसते. पुढचे तीन दिवस मूत्रपिंडांवर नजर ठेवायला रोज रक्त काढून क्रिएटिनिन पाहिलं. आकडा हलला नाही. घरात मात्र तीन दिवस कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

बेदाणा कुत्र्याला चालत नाही हे मला तोवर ठाऊक नव्हतं. द्राक्ष नाशिकचं, बेदाणा तासगाव-सांगलीचा, दोन्ही आपल्या अभिमानाचे. त्यात विष कसलं? जगालाही हे उशिराच कळलं. २००१ साली अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्राच्या तज्ज्ञांनी लिहिलं की द्राक्षं किंवा बेदाणे खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. का होतात, याचा पत्ता पुढची वीस वर्षं लागला नाही. फवारणीची औषधं, बुरशी, जड धातू असा एकेक संशयित निर्दोष सुटला. कोडं असं की एक कुत्रं घोसच्या घोस खाऊन शेपटी हलवत फिरतं आणि दुसरं मूठभर बेदाण्यांनी आडवं होतं. धागा मिळाला तो एका कुत्र्यानं मुलांची घरी केलेली खेळायची कणीक खाल्ली तेव्हा. त्या कणकेत क्रीम ऑफ टार्टर होतं, आणि कुत्र्याची लक्षणं हुबेहूब द्राक्षाच्या बाधेची. क्रीम ऑफ टार्टर हा टार्टारिक आम्लाचा क्षार, आणि टार्टारिक आम्ल द्राक्षात भरपूर. ते जातीप्रमाणं, पिकण्याप्रमाणं कमी-जास्त होतं, म्हणून एक घोस पचतो आणि एक मूठ भोवते. २०२१ मध्ये त्या केंद्राच्या पशुवैद्यांनी हा तर्क मांडला आणि तो आता बहुतेकांना पटलेला आहे.

इथवर वाचून मी निर्धास्त होणार होते, की आता रवालाडवातून बेदाणा काढला म्हणजे झालं. पण २०२२ च्या त्यांच्या पुढच्या निबंधात आणखी एक पदार्थ आला: चिंच. चिंचेत हेच आम्ल द्राक्षाच्या कितीतरी पट. आमटीभात कालवून कुत्र्यापुढं ठेवणं ही तर आपल्याकडची घरोघरची रीत, आणि आमटी चिंचगुळाची. आमटीच्या चमच्यानं कुत्रं मरत नाही, घाबरवण्याचा हेतू नाही. पण चिंचेचा कोळ, चिंचेच्या गोळ्या, फोडून मीठ लावलेली चिंच कुत्र्याच्या तोंडाला लागेल अशी ठेवू नये, आणि आमटीभाताऐवजी नुसता वरणभात, फोडणी न घातलेला, कालवावा. माझ्या सासूबाईंनी हे ऐकून फक्त एवढंच विचारलं, "मग इतकी वर्षं कुत्री जगली कशी?"

प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. माझ्या आजीच्या अंगणात मोती नावाचा कुत्रा होता. रोज संध्याकाळी चुलीवरची शेवटची भाकरी उतरली की आजी ओरडायची, "कुत्र्याला चतकोर घाल गं." कुत्र्याला भाकरी घाल असं ती कधी म्हणाली नाही. चतकोर म्हणजे चौथा कोर, भाकरीचा पाव भाग. अर्धी, पाऊण, चतकोर, नितकोर. आपल्या भाषेत भाकरीच्या तुकड्यांना मापं आहेत आणि देण्याच्या क्रियापदाआधी माप येतं. त्या मापानं मोतीचं पोट भरत नसे हे खरं. तो गावभर हिंडून उरलेलं मिळवायचा, आणि पाच-सहा वर्षांनी दिसेनासा झाला तेव्हा कोणी शोधायलाही गेलं नाही. जुन्या काळाचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण माप होतं.

मग मी चिंगीचं माप काढलं. घरातल्या कुत्र्याला दिवसभरात जेवढी ऊर्जा लागते, तिचा फार तर दहावा भाग खाऊतून यावा आणि उरलेले नऊ भाग जेवणातून, असं जगभरचे पशुवैद्य सांगतात. चिंगीचं वजन खरं तर साडेसात किलो असायला हवं. तेवढ्या वजनाच्या, ऑपरेशन झालेल्या, फारसं न पळणाऱ्या कुत्रीला दिवसाला साडेचारशे कॅलरी पुरतात. दहावा भाग पंचेचाळीस. चहातलं एक ग्लुकोज बिस्कीट वीस-बावीस कॅलरीचं. म्हणजे दोन बिस्किटं. दिवसभरात, सगळ्यांची मिळून.

चाळीस ग्रॅमचा बेसनलाडू दोनशे कॅलरीच्या घरात जातो. चिंगीनं एक खाल्ला तर तिच्या जवळपास अर्ध्या दिवसाचं जेवण झालं. माणसाच्या हिशेबात सांगायचं तर आपण एका बैठकीत साडेचार लाडू खाण्यासारखं, आणि वर कोणीतरी म्हणणार, थोडंसंच तर खाल्लंय.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही एक आठवडा वही ठेवली. फ्रीजवर दोरीनं पेन्सिल बांधली. जो देईल त्यानं लिहायचं, रागवारागवी नाही, ही अट. पहिल्या दोन दिवसांत कोणी खरं लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी मुलीनं सगळ्यांवर पाळत ठेवली आणि मग चित्र उघड झालं. सकाळी सासऱ्यांच्या बशीतली तीन बिस्किटं. दुपारी सासूबाईंची तूप लावलेली चतकोर पोळी. कामाला येणाऱ्या मावशींच्या डब्यातली भाकरी ("एवढंसं तोंड तिचं, ताई, बघवत नाही"). शाळेतून आल्यावर मुलीकडून चीजचा चौकोन. संध्याकाळी फिरून आलो की माझ्याकडून दात साफ करायची कांडी, जी मी खाऊत धरतच नव्हते कारण ती 'दातांसाठी' होती. रात्री नवऱ्याच्या ताटातलं ऑम्लेट. शेजारच्या काकूंची शेव वहीत नाही, कारण काकू वहीत लिहीत नाहीत. बेरीज तीनशेच्या वर गेली. त्याशिवाय दोन वेळचं जेवण होतंच, आणि ती जेवणाला तोंड लावत नाही म्हणून आम्ही त्यावर चिकनचं पाणी घालत होतो.

दुसरी एक बेरीज मी गंमत म्हणून केली. ज्वारीची एक मध्यम भाकरी दोनशे कॅलरीच्या आसपास धरली तर चतकोर पन्नास. चिंगीच्या दहाव्या भागाला पाचाचाच फरक. योगायोग असेल. मोतीला ते जेवण होतं, चिंगीला तो खाऊ होईल, एवढाच फेर.

भाकरी-पोळी कुत्र्याला पचत नाही, तो मूळचा लांडगा, त्याला फक्त मांस द्या, असंही हल्ली ठासून सांगितलं जातं. पिशवीबंद मांसाचे खाऊ विकणाऱ्यांना ते सोयीचं. पण २०१३ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती सापडल्या आणि कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर राहून कुत्रं धान्य पचवायला शिकलं. "पोळी विष नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पोळी जेवणही नाही. खाऊ म्हणून द्या, तूप न लावता."

मी म्हटलं, "नामदेवांचं काय मग?" पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव मराठी माणसाच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. डॉक्टर हसल्या. "नामदेवांचा कुत्रा पळत होता. तुमची चिंगी सोफ्यावर असते."

प्राण्याला गोडाधोडाचं घालून आपण आपला सण साजरा करतो, ही आपली जुनी खोड आहे, आणि ती वाईट आहे असं मला वाटत नाही. दिवाळी सुरूच होते वसुबारसेला, गाय-वासराच्या नैवेद्यानं. पोळ्याला बैलाला पुरणपोळी. पण गावाकडच्या पशुवैद्यांना विचारा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना फोन कशासाठी येतात. बैलाच्या मोठ्या कोठीपोटात चारा आंबवणारे सूक्ष्मजीव असतात. त्यांना कडब्याची सवय. एकदम पोळ्या, भात, धान्य आत पडलं की ते झपाट्यानं आंबतं, आम्ल वाढतं, पोटाची हालचाल थांबते, जनावर फुगतं, कधी दगावतंसुद्धा. नैवेद्याचा एक घास आणि कौतुकाच्या दहा पोळ्या यांत हा फरक आहे. बैल सांगत नाही, पुरे. कुत्रंही सांगत नाही.

लाडवापेक्षा जास्त नुकसान रविवार करतो, हे मला दवाखान्यातच कळलं. मटणाचा रस्सा-भात आणि वर हाडं. शिजवलेलं हाड ठिसूळ होतं, चावताना त्याच्या सुऱ्या होतात, घशात, आतड्यात रुततात. डॉक्टरांच्या कपाटात एका बरणीत अशी काढलेली हाडं आहेत. एक तर कोंबडीच्या पायाचं, जेमतेम दोन इंचांचं. आणि रस्सा? त्यात कांदा-लसूण. दोन्हींतली गंधकाची संयुगं कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्यानं ती जात नाहीत, वाळवल्यानं उलट दाट होतात, म्हणजे कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला कच्च्या कांद्याहून जालीम. लक्षणं लगेच दिसत नाहीत. रविवारच्या रश्श्यानं हिरड्या पांढऱ्या पडतात त्या बुधवारी-गुरुवारी, तोवर रविवार कोणाच्या लक्षात नसतो. मांजराला तर कुत्र्याच्या मानानं थोडासाही कांदा पुरतो. मसाला घालण्याआधी नुसत्या पाण्यात शिजलेले दोन तुकडे हाडं काढून बाजूला ठेवले, की प्रश्न मिटतो.

चॉकलेटचं बऱ्याच जणांना ठाऊक असतं, पण 'आमच्यानं खाल्लं, काही झालं नाही' असंही सांगतात. दोन्ही खरं असू शकतं. चॉकलेटातलं थिओब्रोमिन आपण काही तासांत निचरून टाकतो, कुत्र्याच्या अंगात ते दिवसभर रेंगाळतं. साध्या दुधाच्या चॉकलेटात ते कमी, काळ्या कडू चॉकलेटात तिप्पट किंवा त्याहून जास्त, कोको पावडरीत सर्वांत जास्त. दिवाळीच्या भेटीच्या खोक्यांतून हल्ली कडू चॉकलेटच येतं, आरोग्याला बरं म्हणून. त्याच खोक्यात साखर नसलेली च्युइंगम किंवा गोळ्या असतील तर वेष्टनावर झायलिटॉल हा शब्द शोधा. माणसाला निरुपद्रवी असणारं हे गोड द्रव्य कुत्र्याच्या अंगात इन्सुलिनचा लोंढा सोडतं. अर्ध्या तासात साखर उतरून कुत्रं झोकांड्या खाऊ लागतं, मात्रा जास्त असेल तर यकृत जातं. चहातल्या शुगर-फ्री गोळ्यांत बहुधा वेगळी द्रव्यं असतात. पण बहुधा या शब्दावर कुत्रं सोपवू नये, वाचून घ्यावं.

टोपलीतल्या मांजरीची पाळी आली. तिला जुलाब. मालकीणबाई पन्नाशीच्या, शाळेत शिक्षिका. "आठवडाभर दूध पीत नव्हती, म्हणून मी साखर घालून दिलं, तर तेही नको."

डॉक्टर म्हणाल्या, "तिला साखर कळत नाही."

बाईंना वाटलं विनोद. पण तसंच आहे. गोड चव ओळखणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजरकुळात मोडकं आहे. वाघ-चित्त्यातसुद्धा. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेनं २००५ मध्ये ते दाखवून दिलं. मांजर आइस्क्रीम चाटते ती स्निग्धांशासाठी. आणि दूध? मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरींना दुधातली साखर नीट पचत नाही. त्यात आपल्याकडं दूध म्हशीचं. चार किलोच्या मांजरीची दिवसाची गरज दोनशे-सव्वादोनशे कॅलरी, अर्धी वाटी म्हशीचं दूध म्हणजे साधारण ऐंशी. बाईंनी विचारलं, "मग मांजराला द्यायचं काय? आम्ही शाकाहारी आहोत." इथं डॉक्टर थोड्या कडक झाल्या. कुत्र्याला शाकाहारावर काळजीपूर्वक वाढवता येईल, मांजरीला घरच्या दूधपोळीवर नाही. तिला लागणारं टॉरिन मांस-मासळीतूनच मिळतं, ते कमी पडलं की डोळे आणि हृदय जातं. मांजराच्या पिशवीबंद खाण्यातलं टॉरिन वाढवलं गेलं ते १९८७ मध्ये हृदयाचा हा संबंध उलगडल्यावर. बाईंनी पिशवीबंद खाणं घ्यायचं कबूल केलं. हात न लावता कात्रीनं पिशवी कापता येते का, हे त्यांनी दोनदा विचारलं.

ससा आणि पोपट यांच्यासाठी वेगळा लेख लागेल, इथं दोन गोष्टी. सशाला गाजर आवडतं हे चित्रांतल्या सशांनी पसरवलेलं. त्याचं खाणं वाळलेलं गवत, गाजर म्हणजे त्याची मिठाई, चकतीभर. पोपटाला मात्र हिरवी मिरची खुशाल द्या, पक्ष्यांना तिखट लागतच नाही. पण तुमचा पोपट आपला देशी, गळ्यात कंठी असलेला असेल, तर तो पिंजऱ्यात ठेवणंच १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. मिरचीचा प्रश्न नंतरचा.

बाजारातल्या चघळायच्या वस्तूंबद्दल डॉक्टरांचा एक साधा नियम मला आवडला. अंगठ्याचं नख रोवून बघा, खूण उठली नाही तर घेऊ नका. हरणाची शिंगं, खूर, हिमालयातल्या छुर्पी या कडक चीजच्या दगडासारख्या कांड्या चघळताना कुत्र्यांच्या मोठ्या दाढा चिरतात. वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्यांचं मूळ ठिकाण वाचा. अमेरिकेत २००७ पासून अशा पट्ट्या खाऊन कुत्री आजारी पडल्याच्या तक्रारी येत राहिल्या, बहुतेक माल चीनचा. तिथल्या औषध-अन्न प्रशासनानं २०१४ पर्यंत नोंदवलेल्या तक्रारींत हजारावर कुत्री मेलेली होती, आणि नेमकं कारण शेवटपर्यंत हाती लागलं नाही. त्यापेक्षा काकडी, गाजर, वाफवलेली फरसबी, लाल भोपळा, बिया काढलेलं सफरचंद, उकडलेलं अंडं. सगळं कुठल्याही मंडईत मिळतं, आणि चिंगी काकडीच्या कुरकुरीत आवाजावरच खूश असते.

दुपारी दीड वाजता शेवटचे आले ते बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा. बरोबर बेचाळीस किलोचा लॅब्राडोर, जिन्याच्या तीन पायऱ्यांवर तीनदा थांबलेला. त्याचे गुडघे गेलेत. वजन दहा किलोंनी उतरायला हवं, असं डॉक्टर त्यांना सहा महिने सांगत होत्या. लॅब्राडोरच्या भुकेचा दोष सगळाच मालकाचा नसतो. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये या जातीत एक जनुकबदल सापडला, ब्रिटनमधल्या साधारण दर चार लॅब्राडोरांपैकी एकात. या कुत्र्यांना पोट भरल्याचा निरोप नीट पोचत नाही. ती मागतच राहतात. तरीही हात आपलाच असतो. अमेरिकेत अठ्ठेचाळीस लॅब्राडोरांना जोड्या लावून जन्मभर सांभाळलं होतं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं. २००२ मध्ये निष्कर्ष आला: कमी खाणारी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली, आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले.

आजोबांना हे सगळं सांगून झालेलं होतं. ते म्हणाले, "चार वाजताची बिस्किटं मी बंद करणार नाही. ती मी देत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "चार वाजता आम्ही दोघं चहा घ्यायचो. ती तिच्यातली दोन त्याला द्यायची. आता ती नाही, तर मी तिच्या बशीतून देतो."

डॉक्टरांनी यावर आकडे काढले नाहीत. खणातून एक बिस्कीट घेतलं आणि टेबलावर त्याचे आठ तुकडे केले, वाटाण्याएवढे. एकेक करून आजोबांच्या हातात दिले, आणि त्यांनी ते त्याला भरवले. आठही वेळा तो तेवढ्याच आनंदानं शेपटी आपटत होता. "त्याला किती मोठं ते कळत नाही," त्या म्हणाल्या, "किती वेळा ते कळतं. बशी तीच ठेवा. दोन्ही बिस्किटं द्या, पण सोळा वेळा. आणि बाकीचं सगळं बंद."

आजोबांनी उरलेला चुरा तळहातावरून चाटू दिला.

फटाक्यांचं राहिलं. घाबरलेल्या कुत्र्याला खाऊ देऊ नका, भित्रेपणाला बक्षीस मिळतं, असं मी वर्षानुवर्षं ऐकत आले आणि चिंगी पलंगाखाली थरथरत असताना तिच्याकडं पाठ करून बसत आले. हे चुकीचं होतं. भीती ही काही मुद्दाम केलेली खोडी नव्हे, की बक्षिसानं ती वाढेल. बर्न विद्यापीठातल्या एका संशोधिकेनं फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांना काय उपयोगी पडलं ते विचारलं. २०२० मध्ये छापलेल्या त्या पाहणीत, प्रत्येक धमाक्यानंतर लगेच आवडता खाऊ देणाऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास लोकांना फरक दिसला होता. म्हणजे वर्षभर हात आखडणाऱ्या माणसानं मूठ उघडायची ती नेमकी लक्ष्मीपूजनाच्या रात्री. मात्र तेव्हाही वाटाण्याएवढा तुकडा, धमाक्यानंतर, आणि त्या दिवशीचं जेवण तेवढं कमी. कुत्रं भीतीनं तोंडच लावत नसेल तर हा उपाय त्याच्यासाठी नाही. औषधं आहेत, दिवाळीच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडं जा, त्याच संध्याकाळी नको.

आमच्याकडं वही अजून फ्रीजवर आहे. खाऊचा एक डबा आहे, रोज सकाळी त्यात चिंगीचा दिवसाचा वाटा पडतो: काकडीच्या चकत्या, अंड्याचा चौथा भाग, एक ग्लुकोज बिस्कीट कुस्करून. ज्याला द्यायचं त्यानं डब्यातून द्यायचं, डबा रिकामा झाला की संपलं. मावशी त्यातून देतात, सासरे बिस्किटाचे तुकडे मोजून घेतात. सासूबाई यंदा रवालाडू करताना बेदाणे वगळणार नाहीत, त्यांच्या मते बेदाण्याशिवाय तो लाडूच नव्हे. पण त्यांनी लाडवांचा डबा वरच्या फडताळात चढवला आहे, स्टुलाशिवाय हात पोचत नाही तिथं. शेजारच्या काकूंशी बोलणं बाकी आहे. वसुबारसेच्या आत बोलेन.

चिंगीला काल वजनकाट्यावर उभं केलं. सात किलो आठशे.